मजा संपल्यावरही तलफ का उरते?

‘आवड’, ‘चटक’, ‘नाद’, ‘तलफ’, ‘व्यसन’. मराठी बोलणारा माणूस हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही. आवडीची वस्तू मिळाली नाही तर थोडी हळहळ वाटते आणि आपण पुढच्या कामाला लागतो. तलफ आली की पुढचं काम सुचतच नाही. भाषेनं केलेला हा भेद मेंदूतही आहे. एखादी गोष्ट आवडणं हे एक काम, तिची ओढ लागणं हे दुसरं. एरवी दोन्ही हातात हात घालून चालतात, म्हणून फरक जाणवत नाही. व्यसनात त्यांची फारकत होते. दहा वर्षं हेरॉइन घेणारा माणूस ‘आता यात काही राहिलं नाही’ असं म्हणतो आणि त्याच संध्याकाळी पुन्हा घेतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याची आवड कधीच संपलेली असते, ओढ मात्र वाढलेली असते.

व्यसन म्हणजे मौजेचा अतिरेक, असं धरून चाललं की पुढचे सगळे उपाय चुकतात. ‘एवढी काय मजा येते त्यात?’ हा प्रश्न घरचे विचारतात आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही, कारण मजेचा मुद्दा केव्हाच मागे पडलेला असतो.

डोपामिनवर चिकटलेलं चुकीचं लेबल

१९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की मेंदूतल्या त्या जागी विजेचा सौम्य झटका बसे. तार ठरावीक जागी असली की उंदीर दांडी दाबतच राहत, तासाला शेकडो वेळा. त्या जागेला ‘सुखकेंद्र’ म्हटलं गेलं, पुढे तिथल्या घडामोडींशी डोपामिन या रसायनाचा संबंध जुळला, आणि डोपामिन ‘आनंदाचं रसायन’ ठरलं. वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर ते अजून याच नावानं फिरतं.

केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी ही समजूत तपासून पाहिली. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ पूर्ण नष्ट केलं. हे उंदीर समोर अन्न असून उपाशी बसून राहत. नळीनं भरवलं नसतं तर मेले असते. पण त्यांच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब टाकला की ते धडधाकट उंदरांसारख्याच मिटक्या मारत. चव आवडत होती. उठून दोन पावलं जाण्याइतकी ओढ उरली नव्हती.

उलट बाजूचा पुरावा माणसांमधून आला. पार्किन्सनच्या आजारात प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारखी, डोपामिनचं काम करणारी औषधं देतात. ती घेणाऱ्या काही रुग्णांना उतारवयात जुगाराचा नाद लागतो. काही जण गरज नसताना खरेदी करत सुटतात. डोस कमी केला किंवा औषध बदललं की बहुतेकांचा नाद उतरतो. इथे नशा नव्हती, वाईट संगत नव्हती, संस्कारही कमी पडले नव्हते. ओढ निर्माण करणाऱ्या यंत्रणेला गोळीनं जास्त जोर मिळाला होता, इतकंच.

मग डोपामिन नेमकं काय करतं? वोल्फ्राम शुल्त्स यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मिळालं. दिवा लागतो आणि थोड्या वेळानं माकडाला फळाचा रस मिळतो. सुरुवातीला रस मिळताच डोपामिनच्या चेतापेशी जोरात पेटतात. काही दिवसांनी माकडाला क्रम कळतो. मग त्या पेशी दिवा लागताच पेटतात आणि रस मिळाल्यावर शांत राहतात; रस अपेक्षितच होता, त्यात नवं काही नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर ऐन त्या क्षणी पेशींचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जातं. थोडक्यात, डोपामिन सांगतं की ‘आता जे घडलं ते अपेक्षेपेक्षा इतकं बरं, किंवा इतकं वाईट’. हा निरोप ऐकून मेंदू शिकतो: याच्या आधी काय घडलं होतं ते लक्षात ठेव, पुढच्या वेळी तिकडे वळ.

या शिकवणीला एक नैसर्गिक शेवट असतो. अपेक्षा आणि फळ जुळलं की निरोप थांबतो. जेवण, गप्पा, नवीन कपडे यांचं सगळ्यांचं असंच होतं. अमली पदार्थ हा शेवटच काढून टाकतात. कोकेन डोपामिन परत शोषून घेणारे पंप बंद पाडतं. मेथॅम्फेटामिन तेच पंप उलटे फिरवून पेशीतला साठा बाहेर ओततं. हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल आडवाटेनं येतात: डोपामिनच्या पेशींना लगाम घालणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, त्यांनाच हे पदार्थ गुंगवतात आणि लगाम सुटतो. निकोटीन डोपामिनच्या पेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागा, थेट चेतवतं. दारू एकाच वेळी चार ठिकाणी हात घालते. वाटा वेगळ्या, पण परिणाम एक: फळाची अपेक्षा होती की नव्हती याचा हिशोब न होता डोपामिन वाढतं. मेंदूला पाचव्या वेळीही ‘अपेक्षेपेक्षा बरं’ हाच निरोप मिळतो आणि पन्नासाव्या वेळीही, अनुभव सपक झाला असला तरी.

हे स्पष्टीकरण सगळं उलगडत नाही. जुन्या व्यसनी माणसाच्या मेंदूत प्रत्यक्ष पदार्थानं वाढणारं डोपामिन पूर्वीपेक्षा कमी भरतं. पदार्थाच्या नुसत्या खुणेनं, म्हणजे सुई, पुडी किंवा धूर दिसल्यानं, वाढणारं मात्र भरपूर असतं. पण इथेही गोष्ट तीच दिसते: शुल्त्सच्या माकडाप्रमाणे सगळा जोर रसावरून दिव्यावर गेलेला आहे.

वेग

कुठला पदार्थ किती चटकन पकड घेतो हे त्याच्या रेणूइतकंच तो मेंदूत किती वेगानं पोचतो यावर ठरतं. या मुद्द्याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. शिकायचं तर कृती आणि फळ यांच्यातलं अंतर थोडं असावं लागतं. कुत्र्याला बसायला शिकवताना बक्षीस तासाभरानं दिलं, तर तो काहीच शिकत नाही.

मिथाइलफेनिडेट हे एकाग्रतेच्या आजारावरचं औषध घ्या. ते कोकेनसारखंच काम करतं, तेच पंप अडवतं. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये पोटात गेलेली गोळी निम्म्याहून जास्त पंप बंद करते. तरी माणसाला नशा चढत नाही, कारण मेंदूतली पातळी चढायला तासभर लागतो. धुरातून किंवा शिरेतून गेलेलं कोकेन काही मिनिटांत शिखर गाठतं. कोकाची पानं चघळणं आणि कोकेनचा धूर ओढणं यांत रसायन एकच असतं, पण पकडीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तो यामुळेच.

हेरॉइनची कथाही वेगाचीच आहे. मॉर्फिनच्या रेणूवर दोन छोटे गट चढवले की हेरॉइन होतं. या गटांमुळे रेणू चरबीत सहज विरघळतो आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पडदा झटकन ओलांडतो. आत गेल्यावर गट झडतात आणि मॉर्फिनच उरतं. म्हणजे हेरॉइन हे मॉर्फिन मेंदूत लवकर पोचवणारं वाहन आहे. १८९८ मध्ये बायर कंपनीनं ते खोकल्यावरचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं.

आणि सगळ्यात साधं, कायदेशीर उदाहरण म्हणजे सिगारेट. झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. एका सिगारेटचे साधारण १० झुरके धरले, तर दिवसाला २० ओढणारा माणूस दिवसात २०० वेळा आणि वर्षात ७३,००० वेळा हा धडा गिरवतो. दुसरी कुठलीच गोष्ट आपण इतक्या वेळा घोकत नाही. प्रत्येक झुरक्याबरोबर आजूबाजूचं काहीतरी त्याला चिकटतं: काडी ओढल्याचा आवाज, घशातली चुरचुर, फोनवर बोलताना मोकळा असलेला हात, जेवणानंतरची पाच मिनिटं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे रात्रभरात पातळी तळाला जाते. सकाळची पहिली सिगारेट सगळ्यात छान लागते ती याच कारणानं. ती रात्रीची तूट भरून काढत असते. म्हणूनच ‘उठल्यावर किती मिनिटांत पहिली पेटवता?’ हा प्रश्न डॉक्टर हमखास विचारतात. उत्तर पाच मिनिटांच्या आत असेल तर पकड घट्ट आहे असं समजतात. कातडीवर चिकटवायच्या पट्टीतही निकोटीनच असतं, पण ती तासन्‌तास हळूहळू पाझरते. पट्टीचं व्यसन लागलेली माणसं शोधूनही क्वचितच सापडतात.

शरीर पारडं सावरतं

मेंदूला समतोल प्रिय असतो. रोज एका बाजूला वजन पडू लागलं की तो दुसऱ्या बाजूला वजन टाकतो: रिसेप्टर कमी करतो, उरलेल्यांची संवेदना घटवतो, विरोधी यंत्रणा वाढवतो. मग तेवढ्याच मात्रेत पूर्वीसारखं काही होत नाही. याला सहनशीलता म्हणतात. आणि एक दिवस पदार्थ बंद झाला की समोरच्या पारड्यातलं वजन एकटंच उरतं.

त्यामुळे विथड्रॉवल, म्हणजे पदार्थ बंद झाल्यावरचा त्रास, कसं असेल हे आधीच सांगता येतं. पदार्थाचा परिणाम उलटा करून वाचायचा. हेरॉइननं डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, बद्धकोष्ठ होतं, खोकला दबतो, अंग ऊबदार आणि सैल पडतं. हेरॉइन थांबल्यावर बाहुल्या विस्फारतात, जुलाब लागतात, नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, पाय एका जागी ठरत नाहीत. सुरुवात ८ ते १२ तासांत होते. पहिली खूण बहुतेकदा साधी असते, जांभयांवर जांभया. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. भयंकर असतं, पण धडधाकट माणसाचा जीव सहसा जात नाही. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडू नये एवढं पाहावं लागतं.

दारूचं तसं नाही, आणि हे घरोघरी माहीत असायला हवं. दारू मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेला बळ देते आणि उत्तेजित करणारी दाबते. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूनं उलट वजन टाकलेलं असतं. त्यानं एकाएकी सोडली की ६ तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भ्रम, ताप, छातीत धडधड, नसलेल्या गोष्टी दिसणं असा प्रकार होऊ शकतो. त्यात माणूस दगावतो. झोपेच्या आणि चिंतेच्या बेंझोडायझेपिन गोळ्या अचानक थांबवल्या तरी हाच धोका असतो. तेव्हा खोलीत कोंडून दारू सोडवणं हा उपाय सोडून द्या. डॉक्टर अशा वेळी बेंझोडायझेपिनचा उतरता डोस देतात आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देतात. थायमिनची तूट असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून थायमिनची आठवण आधी ठेवावी लागते.

मात्र विथड्रॉवल म्हणजेच व्यसन नव्हे. वेदनेसाठी महिनोन्‌महिने मॉर्फिन घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाचं शरीर त्यावर अवलंबून राहतं, थांबवताना मात्रा हळूहळू उतरवावी लागते. पण तो मॉर्फिनसाठी चोरी करत नाही, दिवसभर त्याचाच विचारही करत नाही. उलट कोकेन बंद केल्यावर थकवा, झोप, उदासी येते, जुलाब-झटके येत नाहीत, तरी त्याची पकड जबरदस्त असते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निकषांत ११ लक्षणं दिली आहेत. ठरवलं होतं त्याहून जास्त घेणं, कमी करायचा प्रयत्न फसणं, घेण्यात आणि मिळवण्यात वेळ जाणं, तलफ, कामाधामाची हेळसांड, नुकसान दिसत असून चालू ठेवणं अशी ती यादी आहे. १२ महिन्यांत त्यांतली २ ते ३ आढळली तर सौम्य, ४ ते ५ मध्यम, ६ किंवा जास्त तीव्र. सहनशीलता आणि विथड्रॉवल ही त्यातली दोन लक्षणं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्याच्या बाबतीत ही दोन मोजायचीच नाहीत, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

पदार्थ निघून जातो, जागा राहतात

हेरॉइन शरीराबाहेर जातं, त्रासही दहा दिवसांत सरतो, मग सात महिन्यांनी माणूस परत का घसरतो?

सात महिने कोरडा राहिलेला माणूस कामावरून परत येतोय अशी कल्पना करा. आज रस्ता बंद आहे म्हणून बस दुसऱ्या वाटेनं वळते आणि जुन्या थांब्यासमोर दोन मिनिटं उभी राहते. तिथे कुणी ओळखीचं नाही, काही विकत नाही. फक्त तो थांबा. त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, पोटात कालवाकालव होते, तळहात ओले होतात. ही चित्त विचलित करणारी नुसती आठवण नसते. शरीर पदार्थ येणार म्हणून तयारीला लागलेलं असतं. मेंदूनं आधीच उलट वजन टाकलं आहे, आणि पदार्थ आलाच नाही, म्हणून त्याला छोटंसं विथड्रॉवल सुरू झालं आहे. त्याला स्वतःला वाटतं, ‘मी बरा झालोच नाही.’

ही तयारी किती खरी असते हे शेपर्ड सीगल यांच्या गटानं १९८२ मध्ये दाखवलं. उंदरांना ठरावीक खोलीत हेरॉइन देऊन सवय लावली, मग एक मोठी मात्रा दिली. ओळखीच्या खोलीत ३२ टक्के मेले. तीच मात्रा, तेवढीच सवय, पण खोली अनोळखी, तर ६४ टक्के मेले. कधीच हेरॉइन न घेतलेल्यांपैकी जवळजवळ सगळे मेले. म्हणजे सहनशीलतेचा मोठा वाटा भोवतालाच्या खुणांना जोडलेला असतो.

वेळ गेला की तलफ आपोआप विरते ही समजूतही तपासून पाहायला हवी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोकेनला सरावलेल्या उंदरांना कोकेनपासून तोडलं आणि वेगवेगळ्या दिवसांनी जुनी खूण दाखवली. पहिल्या दिवसापेक्षा महिन्याभरानं, आणि त्याहून दोन महिन्यांनी, त्यांची धडपड जास्त होती. तलफ काही काळ मुरते आणि मगच उतरू लागते. म्हणून ‘महिना झाला, आता सुटलाच’ हे वाक्य ऐकलं की जरा धाकधूकच वाटते.

या सगळ्यावर अंकुश ठेवायचं काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. थकवा, अपुरी झोप आणि ताण यांनी तो ढिला पडतो, आणि हा भाग पुरता तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. ओढीची यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते. गाडी वेगात, ब्रेक अजून बसवायचे आहेत.

सगळेच का अडकत नाहीत?

बहुतेक जण अडकत नाहीत, हे सांगायला लोक कचरतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कधी ना कधी पदार्थ वापरलेल्यांपैकी किती जण पुढे अवलंबून झाले? तंबाखू ३२ टक्के, हेरॉइन २३, कोकेन १७, दारू १५, गांजा ९. पहिल्या क्रमांकावर पानपट्टीवर मिळणारी वस्तू आहे. हे आकडे निर्धास्त करणारे नाहीत. आपण कुठल्या बाजूला आहोत ते घेऊन पाहण्याआधी कळत नाही.

आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांवरून साधारण ४० ते ६० टक्के निघतो. व्यसनाचा एखादा जनुक नसतो. शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो. एक अपवाद नजरेत भरतो. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांत दारू पचवणारं एक एन्झाइम जनुकातल्या फरकामुळे लंगडं असतं. थोडी प्यायली तरी चेहरा लालबुंद होतो, मळमळतं, धडधडतं. अशा लोकांत दारूचं व्यसन बरंच कमी आढळतं. मनोनिग्रह त्यांचा जास्त असतो म्हणून नव्हे. यकृत त्यांना पिऊच देत नाही.

सुरुवात कोणत्या वयात झाली याला फार महत्त्व आहे. पंधराव्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांत पुढे दारूवर अवलंबून होणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकी पाहणीत सुमारे ४० टक्के निघालं. २० किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांत सुमारे १०. लहानपणचा छळ, मारहाण, दुर्लक्ष, उपचार न झालेलं नैराश्य किंवा चिंता यांनी धोका वाढतो. अशा माणसाला पहिल्या वेळी नशा चढल्यापेक्षा त्रास थांबल्याचा अनुभव मोठा असतो. ‘पहिल्यांदाच डोकं शांत झालं’ असं तो सांगतो. त्याला दुसरं काही न देता हे काढून घ्यायला गेलात, तर तो का देईल?

आणि परिस्थिती. व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांत जवळजवळ निम्म्यांनी अफू किंवा हेरॉइन वापरून पाहिलं होतं, २० टक्के सैनिक त्यावर अवलंबून झाले होते. परतल्यावर काय होईल याची सरकारला धास्ती होती. ली रॉबिन्स यांनी परत आलेल्यांचा माग काढला. अवलंबून झालेल्यांपैकी दहा महिन्यांत जेमतेम ५ टक्के पुन्हा त्यात अडकले, तीन वर्षांत १२ टक्के. लढाई, कंटाळा, स्वस्त हेरॉइन, आजूबाजूचे घेणारे मित्र हे सगळं मागे राहिलं होतं. सीगलच्या उंदरांची खोली बदलली तशी यांचीही बदलली. व्यसनमुक्ती केंद्रातून आपल्याच गल्लीत परतणाऱ्या माणसाला नेमकी ही सवलत मिळत नाही.

इथे बरेच जण ‘रॅट पार्क’चा दाखला देतात: ऐसपैस जागा आणि सोबती मिळालेले उंदीर मॉर्फिनकडे फिरकले नाहीत, वगैरे. तो १९७० च्या दशकाअखेरचा प्रयोग चांगला होता, पण नंतर इतरांनी करून पाहिला तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. २०१८ मधले मार्को व्हेनिरो यांच्या गटाचे प्रयोग जास्त भक्कम आहेत. हेरॉइन किंवा मेथॅम्फेटामिनला सरावलेल्या उंदरांपुढे दोन दांड्या ठेवल्या: एकीनं पदार्थ मिळे, दुसरीनं दार उघडून दुसरा उंदीर भेटे. जवळजवळ सगळे भेटीची दांडी दाबत. भेट उशिरा मिळू लागली, किंवा दांडी दाबल्यावर शिक्षा होऊ लागली, की मात्र ते पुन्हा पदार्थाकडे वळत. उशीर आणि शिक्षा, हे दोन शब्द घरच्यांनी नीट वाचावेत.

मग काय चालतं

हेरॉइनसारख्या ओपिऑइडवर औषधं आहेत आणि ती चांगली आहेत. मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन त्याच रिसेप्टरवर बसतात, म्हणून ‘एक व्यसन सोडवून दुसरं लावलं’ अशी तक्रार होते. वेगाचा मुद्दा आठवा. ही औषधं हळू चढतात, दिवसभर सपाट राहतात, तलफ आणि विथड्रॉवल दोन्ही आवरतात. दिवसातून चार वेळा चढ-उतार भोगणारा माणूस एका डोसवर कामाला जाऊ शकतो. ही औषधं चालू असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण सुमारे निम्म्यावर येतं. चूक होते ती सुरुवातीला: ब्यूप्रेनॉर्फिन रिसेप्टरला घट्ट चिकटतं पण अर्धवटच चेतवतं, त्यामुळे हेरॉइन अंगात असताना दिलं तर ते हेरॉइनला हुसकावून एकदम विथड्रॉवल आणतं. म्हणून शेवटच्या हेरॉइननंतर निदान १२ तास थांबून, जांभया-काटा-अस्वस्थता दिसू लागल्यावर पहिली मात्रा देतात. मेथाडोन घेणाऱ्याला त्याहून बरंच जास्त थांबावं लागतं. नाल्ट्रेक्सोन तर रिसेप्टर पूर्ण अडवतं. त्याआधी ७ ते १० दिवस ओपिऑइड पूर्ण बंद हवं. दुसरी चूक म्हणजे ‘बरा दिसतोय’ म्हणून ही औषधं चार महिन्यांत थांबवणं.

कोकेन आणि मेथॅम्फेटामिनवर असं खात्रीचं औषध अजून नाही. तिथे सगळ्यात जास्त परिणाम दिसतो तो एका सरळ युक्तीचा: आठवड्यातून दोन-तीनदा लघवीची तपासणी, ती स्वच्छ निघाली की लगेच, त्याच जागी, छोटं बक्षीस. सलग स्वच्छ निघत गेली की बक्षीस वाढतं. पुष्कळांना हे पोरकट वाटतं, लाच वाटते. पण ओढीच्या यंत्रणेला लांबची आश्वासनं ऐकू येत नाहीत. ‘सोडलंस तर पाच वर्षांनी आयुष्य सुधारेल’ हे वाक्य तिच्यापर्यंत पोचतच नाही. आत्ता हातात पडलेलं कूपन पोचतं.

तलफ आलेल्या वेळेपुरतं एक लक्षात ठेवावं: ती लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते, भागवली नाही तरी. तेवढ्या वेळात जागा बदलणं, कुणाला तरी फोन करणं, हातात पैसे नसणं यांचा उपयोग निग्रहापेक्षा जास्त होतो.

घसरणं नेहमीचं आहे. उपचारांनंतर परत वापर सुरू होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरतात. उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्यांत पथ्य सुटून त्रास उलटण्याचं प्रमाणही त्याच घरात आहे. घसरण्यापेक्षा मोठा धोका त्या पहिल्या मात्रेत असतो. केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यावरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात वाईट. शरीराची सहनशीलता गेलेली असते, डोक्यात जुनीच मात्रा असते, आणि पुडीत हेरॉइनऐवजी फेंटानिल असू शकतं, जे सुमारे ५० पट तीव्र आहे.

म्हणून घरी परतण्याच्या दिवसाआधी पुढची भेट ठरलेली असावी, औषध चालू असावं, जुने फोन नंबर आणि साहित्य गेलेलं असावं, आणि घरात नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम तोडणारं औषध, असावं. माणूस हाका मारून, हलवून उठत नाही, श्वास अगदी मंद किंवा घरघरता आहे, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: हा ओपिऑइडचा अतिडोस. आधी रुग्णवाहिका बोलवा. नॅलोक्सोनचा फवारा एका नाकपुडीत द्या, तोंडानं श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा फवारा. श्वास आला की कुशीवर वळवा. तो उठून बसला, चिडला, ‘मला काही झालं नाही’ म्हणाला, तरी त्याला एकटं सोडू नका. नॅलोक्सोन ३० ते ९० मिनिटांत उतरतं आणि अंगातला पदार्थ त्याहून जास्त टिकू शकतो.